अर्धी कडी

फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर उणे सत्तावीस.
शाळेच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही माझी अॅल्युमिनियमची पट्टी उचललीत,
दोन्ही भोकांवरून अंगठा फिरवलात
आणि विचारलंत, "टेस, हे आठ इंच कुठून आले?"

कुठून येणार, ऑर्विल.
आठ हा नेटका आकडा, कागदावर शोभतो.
लहान चाकाला सोळा दात, मोठ्याला अठ्ठेचाळीस,
मधे आठ इंच, झाला रोबॉटचा हात.
भोकं तर पाडूनही झाली होती, आरशासारखी साफ.

तुम्ही फळ्याकडे गेला नाहीत.
पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेन्सिलीच्या बुटक्या तुकड्यानं मांडलंत:
साखळीला इंच कळत नाहीत, कड्या कळतात.
पाव इंचाला एक कडी.
म्हणजे जाताना बत्तीस, येताना बत्तीस,
दोन्ही चाकांचे निम्मे निम्मे दात, तेही बत्तीस.
"आणि एक चाक थोराड आहे, त्याचा थोडा दंड."
दातांतला फरक, दोन पायनं भागून, वर्ग करून,
पुन्हा बत्तीसनं भागून.
शहाण्णव पूर्णांक एक्क्याऐंशी शतांश.

पेन्सिल कानावर खोचलीत.
"जा, दुकानातून एक्क्याऐंशी शतांश कडी घेऊन ये."

साखळी जोडीनं चालते, एक आतली, एक बाहेरची;
सम आकड्याशिवाय तिची टोकं जुळत नाहीत.
शहाण्णवात ती चाकापर्यंत पोचेना,
अठ्ठ्याण्णवात तिचं पोट सुटलं.
मी म्हटलं, मग सत्त्याण्णव करू,
त्यातली एक अर्धी कडी. मिळते की तशी,
एका बाजूनं अरुंद, जराशी वाकडी. कॅटलॉगमध्ये फोटो आहे.

तुम्ही हीटरकडे बघत राहिलात.
मग खाणीवरची रात्रपाळी सांगितलीत.
चार नंबरचा कन्व्हेयर, तुटलेली साखळी,
घाईत घातलेली अर्धी कडी.
सकाळपर्यंत टिकेल, असं कुणीतरी म्हणालं.
टिकली. सकाळपर्यंत अगदी टिकली.
साडेसातला, पाळी बदलताना, आर्वो लेहटो वाकला होता,
एवढंच. पुढचं वाक्य तुम्ही केलंच नाहीत.

आर्वोंना मी ओळखते.
हॉकीच्या रिंकवर तिकिटं विकतात,
सुटे पैसे डाव्या हातानं मोजतात.
कडी कुणी घातली होती, मी विचारलं नाही.

मग आपण उलटे निघालो.
आधी अठ्ठ्याण्णव कड्या धरल्या, अख्ख्या, सरळ,
आणि अंतर साखळीलाच विचारलं.
वर्गमूळ काढताना मी दोनदा चुकले,
तुम्ही एकदा.
आलं आठ पूर्णांक पंधरा शतांश.
माझ्या आठाहून सूतभर जास्त, वर आणखी धारेएवढं.
"नवी साखळी आठवड्यात सैलावते, केसभर अजून दे."
तो केस किती, ते कुठल्याच सूत्रात नव्हतं.

जुन्या भोकाला लागून नवं पाडता येईना,
दोन्ही एकमेकांत शिरून लंबगोल झाली असती.
नवी पट्टी घेतली. तुमचा हात कापत होता,
ड्रिल माझ्याकडे दिलंत
आणि जुनी पट्टी कोटाच्या आत सरकवलीत.

डुलुथच्या स्पर्धेत हात वर गेला, खाली आला, अकरा वेळा.
सगळे ओरडत होते. तुम्ही आलाच नाहीत मैदानापाशी.
सामना संपल्यावर साखळी अंगठ्यानं दाबून पाहिलीत,
जराशी लवली, परत आली.
"हं," म्हणालात. एवढंच.

मार्च संपता संपता रिंकवर गेले.
खिडकीत तिकिटांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून
एक अॅल्युमिनियमची पट्टी.
दोन भोकं, आरशासारखी साफ,
मधे बरोब्बर आठ इंच.

मी काही बोलले नाही.
आर्वोंनी डाव्या हातानं ती उचलली,
खालून माझी दोन तिकिटं काढली
आणि परत ठेवताना
कडेला समांतर लावून ठेवली.